कार्यानुभवाचं पान

निरोप समारंभात शेवटी माइक ज्योत्स्नाबाईंच्या हाती गेला, आणि तिथंच घोळ झाला.

तोवर सगळं यथासांग चाललं होतं. शाल झाली, श्रीफळ झालं, केंद्रप्रमुखांचं लांबलचक भाषण झालं. सेलूपासून अडीच किलोमीटरवरच्या त्या दोन शिक्षकी शाळेत बाबाराव ढगे सरांनी एकोणीस वर्षं काढली होती. गावातल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी त्यांच्या हाताखालून गेलेलं. जो तो उठून सांगत होता, सर असे, सर तसे. सर मान खाली घालून बसले होते, पण कान मात्र टवकारलेले. आता माणूसच आहे, ऐकणारच की! मग कुणाला तरी हुक्की आली, "मॅडमनंही दोन शब्द बोलावं." ज्योत्स्नाबाई जन्मात माइकसमोर उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "सर शाळेत लई चांगले आहेत, थे तुमी सगळ्यायनं सांगतलंच. घरी मात्र सुधारणेस वाव आहे."

मांडवातले सगळे शिक्षक खो खो हसले. ते हसणारच, कारण हे वाक्य त्यांच्या धंद्यातलं. दर एप्रिलात प्रत्येक पोराच्या नावापुढे वर्षभराच्या वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात, आणि जिथं काही सुचत नाही तिथं 'सुधारणेस वाव आहे' लिहून मोकळं व्हायचं असतं. ज्योत्स्नाबाईंनी तेहतीस वर्षं नवऱ्याच्या रजिस्टरांवर पट्टीनं रेघा मारून दिल्या होत्या. त्यांना असली वाक्यं पाठ होती.

सरही हसले. पण बाई माइक ठेवून खुर्चीकडे वळल्या तेव्हा सरांचं हसू आटलं. टेबलापासून खुर्ची चार पावलांवर होती. ती चार पावलं टाकताना बाई आधी डावीकडे झुकल्या, मग उजवीकडे, मग मध्येच थांबून त्यांनी दुसऱ्या खुर्चीची पाठ धरली. असं चालणं सर रोज घरात बघत होते, म्हणजे खरं तर बघत नव्हते.

दोन्ही गुडघे झिजलेत, बदलून घ्या, असं वर्ध्याच्या डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. बाईंनी तो कागद देवघराच्या फळीवर ठेवला होता, वर हळदीची डबी ठेवून. समारंभाहून घरी आल्यावर सरांनी विचारलं, "काऊन करत नाई तू ऑपरेशन?"

"मी दोन महिने खाटेवर पडली तं तुमचं काय होईन?" बाई म्हणाल्या. "तुमाले दूध तापवाले सांगतलं तं तुमी गॅससमोर उभे राहून पेपर वाचता, अन् दूध गेलं उतू. ज्या दिवशी हे घर तुमच्या हाती सोडून मले निवांत झोप लागन ना, त्या दिवशी मी स्वतःच्या पायानं दवाखान्यात जाईन."

सर हाडाचे मास्तर. उत्तर नसलं की मास्तर वही आणतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं, पहिल्या पानावर स्वतःचं नाव घातलं आणि वय वर्षे अठ्ठावन्न असं लिहून पुढे विषय पाडले. ते शाळेचेच विषय होते, पण अर्थ सरांनी आपले लावले. भाषा म्हणजे स्वतःची जीभ. परिसर अभ्यास म्हणजे शेजारी आणि सोयरे. कला, शारीरिक शिक्षण तर उघडच. आणि कार्यानुभव म्हणजे घरकाम. गणित त्यांनी सोडून दिलं. जन्मभर तेच शिकवलं, आता पुरे, म्हणाले.

"एकाच विषयात पहिला येणारा पोरगा मले कधी आवडला नाई," ते बाईंना म्हणाले. "सगळ्यात बरा पाहिजे. मी तसाच होऊन दाखवतो."

आणि खोटं कशाला सांगायचं, माणसानं करून दाखवलं! पहाटे उठून ते चालायला जाऊ लागले. कुठं जायचं हा प्रश्नच नव्हता, पाय आपोआप शाळेच्या गावाकडे वळायचे. अडीच किलोमीटर जाणं, अडीच येणं. दिवाळीपर्यंत पोट आत गेलं, साखर उतरली आणि पँटी आल्टर कराव्या लागल्या. शेजारच्या नत्थूजींच्या भजनी मंडळात जाऊन त्यांनी खंजिरी धरली. पहिले दोन महिने नत्थूजी हात जोडून म्हणायचे, "सर, तुमी टाळ्या वाजवा, खंजिरी राहू द्या," पण सर चिकट. बोटं सुजली, साली निघाल्या, पण ठेका बसला.

सगळ्यात अवघड गेला भाषेचा विषय. सरांना जन्माची खोड, समोरच्याचं वाक्य मध्येच तोडायचं आणि आपणच पुरं करायचं. लग्नाची पत्रिका घरी आली की आधी लाल पेनानं तिच्यातल्या चुका काढायच्या, मग तारीख बघायची. एका सोयऱ्याकडे तर त्यांनी ती दुरुस्त पत्रिका आहेरासोबत परत दिली होती, आणि तिथून बोलणं बंद झालं होतं. सर बसनं आर्वीला गेले, त्या सोयऱ्याच्या ओसरीवर बसले, आणि सोयरा तासभर जुनं उकरून बोलत राहिला तरी एक अक्षर मध्ये बोलले नाहीत. जेवूनच आले. रजिस्टरात लिहिलं, 'समोरच्याचे पूर्ण ऐकून घेतो.' ही नोंद खरी होती, शंभर टक्के खरी.

सेलूत चर्चा सुरू झाली. कुणी म्हणे सर म्हातारपणी दहावीले बसून राह्यले का, कुणी म्हणे निवृत्तीनंतर असं होतं एकेकाला. पण जो त्यांना भेटायचा तो परतताना म्हणायचा, माणूस बदलून राह्यला बरं का! टवटवीत दिसतो, ऐकून घेतो, हसतो. साठीच्या उंबऱ्यावर माणसं एक तर खाटेला खिळतात नाही तर टीव्हीला, आणि हा गडी चारी अंगांनी वाढत होता. कौतुकच करावं असं ते काम होतं.

फक्त कार्यानुभवाचं पान कोरं होतं.

सरांना स्वयंपाकघरात शिरायचं म्हटलं की काहीतरी निघायचंच. आज भजन, उद्या सोयरे, परवा पाय दुखतात. बाईंनी तीनदा कुकर समजावून सांगितला, तिन्ही वेळा सरांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं, पण गॅस पेटवला नाही. दिवाळीच्या आधी हिंगणघाटहून लेकीचा, सपनाचा फोन आला. दिवस भरत आले होते, तिला आई हवी होती. ज्योत्स्नाबाई तशाच दुखऱ्या पायांनी निघाल्या. निघताना बॅग दारात ठेवून म्हणाल्या, "तीन महिने आहेत तुमच्यापाशी. माह्याशिवाय घर चालवून दाखवा. जमलं तं मी आल्याबरोबर ऑपरेशनची तारीख घेते. नाई जमलं तं राहू द्या, माहे गुडघे अन् मी पाहून घेऊ."

"जमन," सर म्हणाले. म्हणताना त्यांचा तसाच विचार होता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

पहिल्या दिवशी भात कुकरला चिकटला. दुसऱ्या दिवशी कणकेचा चिखल झाला आणि तो बोटांवरून सोडवता सोडवता अर्धा तास गेला. तिसऱ्या दिवशी पहाटे सर फिरत फिरत शाळेच्या गावात पोचले, तर शकुबाई अंगणात चुलीवर भाकरी टाकत होती. शकुबाई शाळेतली खिचडी शिजवणारी. सरांच्या हाताखाली तिनं अठरा वर्षं पोरांना जेवू घातलं होतं. सरांचा उतरलेला चेहरा पाहून तिनं दोन भाकरी आणि वांग्याची भाजी डब्यात घालून दिली. चौथ्या दिवशी सर रिकामा डबा परत करायला गेले आणि भरलेला घेऊन आले. मग तो रिवाजच पडला. चालणं होत होतं आणि जेवणही. शारीरिक शिक्षण असं कार्यानुभवाच्या मदतीला धावून आलं!

संध्याकाळी बाईंचा फोन यायचा. "काय बनवलं आज?"

"वांग्याची भाजी अन् भाकर." हे खरंच होतं, ताटात तेच होतं. एकदा बाईंना संशय आल्यासारखा वाटला, तर सरांनी वर जोडून दिलं, "थोडी करपली, पण खाल्ली." पलीकडून बाई इतक्या मायेनं हसल्या की सरांना क्षणभर स्वतःचंच खरं वाटलं.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी फोन आला, "बाळ-बाळंतीण खुशाल आहेत. उद्या सकाळच्या बसनं येते. रजिस्टर काढून ठेवजा, मले पाहाचं आहे."

त्या दुपारी सर रजिस्टर घेऊन बसले. पुढचं जे झालं ते मास्तर सोडून दुसऱ्या कुणाच्या हातून झालंच नसतं. केंद्रप्रमुख तपासणीला येणार म्हटलं की शाळाशाळांतून हेच होतं, वर्षभराच्या नोंदी एका बैठकीत होतात. हाताला सवय असते. सरांनी तीन पेनं काढली, एक निळं, एक काळं आणि एक अर्धवट वाळलेलं, म्हणजे तारखा वेगवेगळ्या दिवशीच्या वाटतात. आणि हात चालू लागला. 'कणिक मळण्यात रुची दाखवतो.' 'कुकरच्या शिट्ट्या अचूक मोजतो.' 'मदतीशिवाय भाकरी थापतो.' 'भांडी घासताना नीटनेटकेपणा आढळतो.' खाली श्रेणी टाकली, अ-१. मग जरा जास्त वाटलं म्हणून खोडून अ-२ केली. पाऊण तासात तीन महिने संपले. आपण खोटं लिहिलं असं सरांच्या मनात आलंसुद्धा नाही. काम वेळेत झालं, एवढंच वाटलं.

बाई आल्या, हातपाय धुतले, चष्मा लावला आणि अंगणातल्या खुर्चीवर बसून ते पान वाचायला लागल्या. एक एक ओळ बोट ठेवून वाचत होत्या. मध्येच त्यांचं बोट थांबलं. "सत्तावीस नोव्हेंबरले तुमी एकट्यानं भाकर थापली?" आणि सरांनी हो-नाही म्हणायच्या आत त्यांचे डोळे भरून आले. "अवो, माह्या मायनं सांगतलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता."

त्याच दुपारी त्यांनी सपनाला फोन लावला. तिच्यामार्फत ऑपरेशनसाठी फेब्रुवारीची सतरा तारीख ठरली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येईल त्या बाईला त्या तिळगुळासोबत नवऱ्याचं कौतुक वाटत होत्या. आमच्या सरांनी तीन महिने घर चालवलं, आता मले भेव नाई. सर आतल्या खोलीत बसून ते ऐकत होते. त्यांना आत बसवेना आणि बाहेर जाववेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते चालत नव्हे, जवळजवळ धावत शकुबाईकडे गेले. "शकुबाई, मले महिनाभरात सगळा स्वयंपाक शिकव. घरी कळता कामा नये."

शकुबाई भाकरी थापत होती. थापता थापताच तिनं विचारलं, "घरी का बरं कळू नये?" सरांनी रजिस्टराची हकीगत सांगितली. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही.

"सर, एक बोलू का? राग मानजा नका," ती म्हणाली. "शाळेत थे चवीचं रजिस्टर होतं ना, खिचडी वाढायच्या आधी तुमी चाखून सही करत होते. अठरा वर्षं तुमी त्यात एकच लिहिलं, चव चांगली. एका वर्षी माह्या घरी दुखणं होतं, ध्यान नव्हतं, महिनाभर खिचडी बुडाशी लागून राह्यली होती. तुमी रोज चाखली, अन् रोज लिहिलं, चव चांगली. मले तवा बरं वाटलं. पण पोरं अर्धी अर्धी ताटं गाईपुढं टाकून राह्यली होती सर. तुमी एक डाव बोलले असते, तं मी पाणी जास्त टाकलं असतं. एवढंच तं होतं."

सरांनी त्या महिन्यातली पोरं आठवून पाहिली. आठवली. आजपर्यंत त्यांना वाटत होतं की आपण शकुबाईला सांभाळून घेतलं. रस्त्यानं परतताना त्यांच्या हातात डबा नव्हता आणि डोक्यात एकच विचार होता. शिकता येईल, महिनाभरात गुपचूप शिकता येईल. पण घरी बायको तर त्या पानावर विश्वास ठेवून ऑपरेशनच्या टेबलावर झोपायला निघाली आहे.

घरी येऊन त्यांनी लाल पेन काढलं, पानावर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'वरील सर्व नोंदी एका बैठकीत केलेल्या असून खोट्या आहेत. तीन महिने शकुबाईचा डबा खाल्ला.' खाली सही, तारीख. रजिस्टर नेऊन त्यांनी बाईंच्या पुढ्यात ठेवलं. माफी मागायचीही भाषा त्या माणसाला सरकारीच येत होती, त्याला कोण काय करणार?

बाईंनी वाचलं. चष्मा काढला. "म्हंजे मी सपनाच्या सासूले तुमचं कौतुक सांगून राह्यली होती, तवा तुमी डबा खाऊन राह्यले होते?"

"हो."

"अन् थे भाजी करपली होती म्हणाले, थे?"

"थे मी मनानं सांगतलं. खरं वाटावं म्हणून."

बाईंनी रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं. मग बोलल्या तेव्हा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच सरांना जड गेलं. "मले डब्याचा राग नाई. डबा तं मीच लावून देला असता. तुमी माह्यं दुखणं रजिस्टरात घातलं, याचा राग आहे. पाय माहे आहेत. उद्या मले भूल देली असती, अन् मी निवांत डोळे मिटले असते, का घरी सर आहेत. शाळेतल्या पोराले खोटी श्रेणी देली तं थो वरच्या वर्गात जाते. मी कुठं गेली असती?"

एरवी सरांनी 'माझं म्हणणं ऐक' म्हणून तिसऱ्या वाक्याला तोडलं असतं. आज त्यांनी पूर्ण ऐकलं. ऐकून उठले नाहीत, समजावलं नाही, तिथंच बसून राहिले. पण त्यानं काही भागलं नाही. बाईंनी संध्याकाळी सपनाला फोन करून सांगितलं, "तारीख राहू दे बाई सध्या. मी काई सांगत नाई." पुढचे दोन दिवस घरात भांड्यांचाच तेवढा आवाज होता. बाई ओट्याला टेकून, एका पायावर भार देऊन पोळ्या लाटत होत्या, आणि सर दारात उभं राहून त्या पायाकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांना असं कधी वाटलं नव्हतं, स्वतःची लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर फिरायला गेलेच नाहीत. ते स्वयंपाकघरात गेले, कणकेचा डबा काढला आणि परातीत पीठ घेतलं. मागून प्लास्टिकची खुर्ची फरफटल्याचा आवाज आला. बाई खुर्ची दारात टाकून बसल्या होत्या. "पाणी एकदम नका ओतू," त्या म्हणाल्या. "थोडं थोडं टाका. अन् पेपर तिकडे ठेवा."

मग सुरू झाली शाळा. काय ती शाळा! बाई खुर्चीतून उठायच्या नाहीत, कितीही चुकलं तरी हात लावायच्या नाहीत. वरण पातळ झालं तर पातळ वरण जेवायचं. पोळी कडक झाली तर दुधात मोडून खायची. सरांचा हात दोनदा भाजला, एकदा फोडणीत मोहरीऐवजी भलतंच पडलं, आणि गोळाभातातले डाळीचे गोळे भातात विरघळून गेले तेव्हा बाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की दोन दिवसांचा अबोला त्यातच वाहून गेला. पण तारखेचं नाव त्या काढत नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, "रविवारी मी दिवसभर खाटेवर पडून राहीन. उठणार नाई अन् बोलणार नाई. घर तुमचं."

रविवारी सरांनी घर चालवलं. चहा झाला, आंघोळीचं पाणी झालं, वरण, भात, पोळ्या, आलू-वांग्याची भाजी झाली. बाईंना खाटेवर ताट दिलं. भांडी झाली, धुणं झालं. नत्थूजी भजनाला बोलवायला आले, तर सर ओल्या हातानं दारात आले आणि आज नाही म्हणाले. संध्याकाळी सगळं आवरून ते घाम पुसत बसले, आणि पाहतात तर माठ रिकामा. नळ एक दिवसाआड येत होता आणि त्या दिवशी तो सकाळी येऊन गेला होता. आता पाणी परवा.

सरांनी क्षणभर विचार केला. शेजारून दोन घागरी आणल्या असत्या तर खाटेवरच्या बाईंना कळलंही नसतं. त्यांनी रजिस्टर काढलं, नवीन पान उघडलं आणि लिहिलं, 'नळाचे पाणी भरायला विसरलो. पोळ्या सहा, त्यातल्या दोन कडक. भाजी खारट.' आणि ते पान बाईंच्या उशाशी ठेवून घागर घेऊन नत्थूजींकडे निघाले.

परत आले तेव्हा बाई खाटेवर उठून बसल्या होत्या. पान मांडीवर होतं आणि फोन कानाला. "हो गं सपना, सतरालेच. पक्की कर," त्या सांगत होत्या. "नाई, सगळं येते असं नाई. पण आता जे येत नाई थे मले सांगतात."

सर घागर घेऊन तसेच दारात उभे राहिले. खांद्यावरून पाणी सांडत होतं, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ऑपरेशन झालं, दोन्ही गुडघ्यांचं झालं आणि नीट झालं. खरी परीक्षा घरी आल्यावर होती. डॉक्टरांनी दिवसातून तीनदा पाय वाकवायला सांगितलं होतं, आणि ते वाकवताना बाईंच्या तोंडून असं विव्हळणं निघायचं की ऐकणाऱ्याचा जीव गोळा व्हावा. आठव्या दिवशी त्यांनी पाय ताठ केला आणि म्हणाल्या, "बस. मले नाई होत. नाई चालता आलं तं नाई." जुने सर असते तर त्यांनी व्यायामाचं महत्त्व या विषयावर भाषण ठोकलं असतं. हे सर बाहेर गेले आणि खंजिरी घेऊन आले. खाटेच्या पायथ्याशी बसून त्यांनी संथ ठेका धरला. एका थापेला पाय वर, चार थापा थांबायचं, मग खाली. बाई रडत रडत हसल्या आणि पाय उचलला. त्या दिवसापासून सकाळी, दुपारी, संध्याकाळी ढग्यांच्या घरातून खंजिरी ऐकू येऊ लागली. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं, सरांच्या घरी सप्ताह बसला आहे.

पाहा म्हणजे कसं असतं. रोजचं पाच किलोमीटर चालणं झालं होतं, म्हणून बाईंना धरून उभं करायला सरांच्या कंबरेत बळ होतं. घरोघरी जाऊन बसले होते, म्हणून नत्थूजींची सून पंधरा दिवस न बोलावता ताक आणून देत होती, आणि आर्वीचा तो रुसलेला सोयरा एक दिवस अचानक पोतंभर संत्री घेऊन दारात उतरला. आणि पूर्ण ऐकून घ्यायची सवय लागली होती, म्हणून दुपारी बाई पडल्या पडल्या जे बोलायच्या ते सरांच्या कानी पडत होतं. तेहतीस वर्षांचं साचलेलं बोलणं होतं ते, निवांतपणे एकेक करून निघत होतं. माहेरच्या विहिरीचं, पहिल्या बाळंतपणाचं, सरांनी एका दिवाळीत बोललेल्या एका शब्दाचं. त्या शब्दापाशी सरांचा ठेका चुकला. त्यांनी खंजिरी खाली ठेवली आणि म्हणाले, "थे माह्यं चुकलं होतं." बाई म्हणाल्या, "माहीत आहे. वाजवा तुमी."

रजिस्टरात अधूनमधून नोंद होत राहिली. पण श्रेणीचा रकाना सरांनी कायमचा रिकामा सोडला, आणि एखाद्या दिवशी लिहायला काहीच नसलं तर पान तसंच कोरं ठेवलं. केंद्रप्रमुखांच्या हाती ते पडलं असतं तर त्यांनी नक्कीच ताशेरे ओढले असते.

मेच्या सुरुवातीला एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, बाई चपला घालून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाजारात येता का?" आठवडी बाजारात त्या चार वर्षांत गेल्या नव्हत्या. सरांनी घाईघाईनं काठी घेतली. "कशाले?" म्हणून बाईंनी ती परत कोपऱ्यात ठेवायला लावली. सरांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि वळून पाहिलं, तर बाई गल्लीच्या तोंडाशी पोचल्या होत्या. त्या ना डावीकडे झुकत होत्या, ना उजवीकडे. नव्या लुगड्याचा घोळ एका हातानं सावरत, रस्त्यातली सायकल चुकवत, सरळ चालल्या होत्या.

सरांनी पावलं उचलली. तरी अंतर काही कमी होईना. लग्न झाल्यापासून रस्त्यावर सर पुढे आणि बाई मागे, असंच चाललं होतं. ती मागं पडते म्हणून ते कितीदा वळून चिडले होते. आणि आज ते भर रस्त्यात, धापा टाकत, पिशवी छातीशी धरून तिच्या मागे चालले होते, आणि त्यांना पहिल्यांदा दिसत होतं की आपली बायको चालायला किती चपळ आहे. त्यांचे डोळे भरून आले. पुसायला थांबलो तर आणखी मागं राहू, म्हणून ते तसेच चालत राहिले.